एका चादरीचं अंतर

इस्पितळाच्या तळघरात लाँड्री आहे आणि लाँड्रीत घडीच्या टेबलापाशी दोन बाया आहेत. एक उंच, वाळकी, लांब हातांची. तिला सगळे शिडी म्हणतात. दुसरी तिच्या खांद्यालाही न लागणारी, गुबगुबीत आणि चटपटीत, ती पिटू. खरी नावं हजेरीच्या कार्डांवर आहेत आणि तिथेच बरी आहेत. मुकादमसुद्धा 'शिडी-पिटू' असं एका दमात म्हणतो, जणू एकाच बाईचं नाव.

चादर इस्त्रीच्या रोलरमधून कढत कढत बाहेर येते. दोघींनी दोन-दोन कोपरे पकडायचे, एक झटका द्यायचा, लांबीत घडी घालायची, पुन्हा झटका, पुन्हा घडी. मग चालत एकमेकींकडे यायचं. मधोमध भेट झाली की पिटूने आपले कोपरे शिडीच्या हातात द्यायचे, वाकून खालची घडी उचलायची आणि मागे जाऊन परत पुढे यायचं. म्हणजे एका चादरीला दोन भेटी, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून. नवरा-बायकोसुद्धा दिवसातून इतक्यांदा समोरासमोर येत नाहीत, असं शिडी म्हणायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून ती हे अगदी खात्रीने सांगायची.

मशीनचा आवाज इतका, की बोलायचं तर कानात तोंड घालून ओरडावं लागतं. म्हणून तिथे कोणी बोलत नाही, भुवया बोलतात. डावी भुवई म्हणजे चादर फाटकी आहे, बाजूला टाक. दोन्ही भुवया म्हणजे मुकादम येतोय. आणि हनुवटी किंचित वर केली की ट्रॉली संपली, काढ डबी.

डबी काढायची पाळी आलटून पालटून. तळव्यावर तंबाखू, नखाएवढा चुना, अंगठ्याने मळायचं, थाप मारून भुकटी उडवायची, अर्धी आपल्या ओठाखाली आणि अर्धी समोरच्या तळव्यावर. हवेत कापडाची लव उडत असते, त्यामुळे काडी पेटवायची बंदी. ओढायची सोय नाही, तर खायची झाली. लाँड्रीतल्या निम्म्या बायांचा खालचा ओठ भरलेला असायचा, आणि ओठ भरलेला असला की न बोलण्याचं दुःखही नव्हतं. पिटू या लाँड्रीत आली तेव्हा तिची मुलगी शाळेत जायची. आता मुलीला मुलगी होती. एवढी वर्षं गाडी रुळावरून कधी घसरली नव्हती.

घसरली ती ठमीमुळे. ठमी म्हणजे नात, नुकती भिंत धरून चालायला लागलेली. मुलगी दुपारपाळीला तिकीटखिडकीवर बसायची, त्यामुळे पिटू कामावरून आली की ठमी तिच्याकडे. एका दुपारी पिटू दूध गरम करायला वळली, तेवढ्यात पोरीने पर्स उपसली. डबीचं झाकण सैल होतं. तिने बोट बुडवलं, चाखलं, आणि थेट आजीसारखा ओठ मिटून बसली. पिटू वळून पाहते तर पोर शहाण्यासारखी गप्प. तिला हसूच आलं. मग ठमी ओकली, मग पांढरी पडली, मग तिने मान टाकली.

पोर वाचली. सकाळपर्यंत सलाईन होतं, मग खेळायलाही लागली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मुलगी पिटूशेजारी येऊन बसली.

"आई, मी ओरडणार नाहीये."

"ओरड की. ओरडलीस तर मला जरा बरं वाटेल."

"म्हणूनच नाही ओरडणार."

पिटूने खाली पाहिलं. "सोडली. आत्तापासून सोडली."

"तू सोडण्यात पटाईत आहेस. माझ्या लग्नात सोडलीस, बाबा गेले तेव्हा सोडलीस, ठमी झाली तेव्हा सोडलीस. एवढ्या वेळा तर मी केस कापले नसतील." मुलीने डोळे चोळले. "ती आता पाळणाघरात जाईल. मी रविवारी येईन, दारात उभी राहीन आणि वास घेईन. ज्या रविवारी मला खात्री पटेल, त्या दिवशी ठमी तुझ्याकडे ठेवेन. तोवर नाही."

"दारात? म्हणजे नाक्यावर गाड्या तपासतात तसं?"

"हो. तसंच."

शिडीला हे कळलं तेव्हा तिने रोलर थांबायची वाट पाहिली नाही. पिटूच्या कानात तोंड घालून ओरडली, "तू सोडणार तर मी पण. मी एकटी खाऊन काय करू? उरलेली अर्धी कोणाला देऊ?"

पिटूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते वाफेवर ढकललं.

व्यसन सोडणाऱ्यांचा गट गुरुवारी संध्याकाळी आरोग्य केंद्रात भरायचा, लस टोचायच्या खोलीत. भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं, कोपऱ्यात बाळांचं वजन करायचा काटा. त्या काट्याकडे बघतच पिटूला बसावं लागायचं, कारण तीच खुर्ची रिकामी असायची. गट म्हणजे एक बस ड्रायव्हर, एक सलूनवाला, या दोघी आणि गट चालवणारी मॅडम. मॅडम तरुण होती, मनाने चांगली होती आणि तिचे दात इतके शुभ्र होते की ड्रायव्हर तिच्याशी बोलताना तोंडावर हात धरायचा.

"कोण सुरुवात करतंय?" मॅडम म्हणाली.

"मी करतो," ड्रायव्हर म्हणाला. "या आठवड्यात फक्त तीनदा. त्यातलं एक धरू नका. सासऱ्यांनी हातावर ठेवली. सासऱ्यांना नाही कसं म्हणणार?"

"तुमचे सासरे मागच्या आठवड्यातही होते," सलूनवाला म्हणाला.

"मग? सासरे काय आठवड्याला बदलतात?"

सगळे हसले. पिटू नाही हसली. ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तासभर इथे बसून आपण तंबाखूबद्दलच बोलतोय. कधी खाल्ली, कशी खाल्ली, कोणी दिली. मला येताना तलफ नव्हती. आता आलीय."

"छान, तलफ ओळखता आली हे चांगलंच आहे. पाणी प्या, लांब श्वास घ्या आणि पाच मिनिटं थांबा. लाट येते तशी जाते."

"तुम्ही कधी खाल्लीय?"

"नाही."

"मग पाच मिनिटं केवढी मोठी असतात ते तुम्हाला कोण सांगणार?"

"पाच मिनिटांत माझी अर्धी दाढी होते," सलूनवाला हळूच म्हणाला. "माझी म्हणजे गिऱ्हाइकाची."

मग मॅडमने जोडीदाराचं सांगितलं. प्रत्येकाने गटातला एक जोडीदार निवडायचा. तलफ आली की त्याच्याकडे जायचं, कारण ज्याला ती माहीत आहे त्यालाच ती समजते. ड्रायव्हरने सलूनवाल्याकडे पाहिलं, सलूनवाल्याने छताकडे. शिडी आणि पिटू एकदमच म्हणाल्या, "आमची जोडी आहेच."

सगळं बिनसलं ते त्या वाक्यात. पण त्या वेळी दोघींना वाटलं, चला, एक तरी गोष्ट सोपी झाली.

पहिल्या आठवड्यात पिटूला कळलं की आपलं तोंड ही एक मोठी रिकामी खोली आहे आणि तिचं काय करायचं हे आपल्याला ठाऊक नाही. बडीशेप झाली, लवंग झाली, पेन्सिलीचं टोक झालं. हिरड्या शिवशिवायच्या. डोकं ठणकायचं. आणि ती बोलायला लागली. मशीनच्या आवाजात, कोणालाही ऐकू जात नसताना, एकसारखी बोलायला लागली. रोलरला शिव्या, इस्त्रीच्या वाफेला शिव्या, पेशंट लोकांना चादरी इतक्या लागतातच कशाला म्हणून त्यांनाही शिव्या. भुवयांची भाषा ती विसरत चालली. शिडीने दोन्ही भुवया वर केल्या तरी ही बोलतच असायची, आणि मुकादम मागे येऊन उभा राहायचा.

हात तर अजिबातच ऐकेनात. दोघींचेही. कोपऱ्याला कोपरा लागेना. झटका द्यावा तर एकीचा आधी, दुसरीचा नंतर. भेटायला यावं तर चादरीला पोट सुटलेलं. मुकादमाने एक घडी उचलून धरली.

"मावशी, ही घडी आहे की होडी?"

"तुम्हाला पाण्यात सोडायची असली तर सोडा," पिटू म्हणाली.

"माझी थट्टा करू नका. वरून तीन वॉर्डांच्या तक्रारी आल्या आहेत. तुमचं हे असंच चाललं तर मी जोडी फोडेन. सांगून ठेवतो."

पिटूने ते मनावर घेतलं नाही. मुकादम रोजच काहीतरी फोडायचं म्हणत असतो, कधी डोकं, कधी कपाट. शिडीने मात्र घेतलं. पण तिचा चेहरा असा, की काय घेतलं आणि काय सोडलं ते दिसत नाही.

मग एका सकाळी शिडीचे कोपरे जुळले.

पिटूचे अजून वाकडेच होते, पण शिडीचे जुळले. झटका अगदी पूर्वीचा, दोरीवरचे कपडे झाडावेत तसा मोकळा. पिटूचा कोपरा सुटायचा तर तीच हात लांब करून सावरून घ्यायची. गठ्ठे पुन्हा सरळ उभे राहू लागले. मुकादम पुढून गेला आणि काही बोलला नाही. म्हणजे त्याने कौतुक केलं.

गुरुवारी शिडीने गटात सांगितलं, "अजिबात नाही. बोटसुद्धा लावलं नाही." मॅडमने टाळ्या वाजवल्या. सलूनवाल्यानेही वाजवल्या. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, कसं जमवलंत? काहीतरी गुपित असेल ना."

"मन घट्ट करायचं," शिडी म्हणाली आणि चपलांच्या टोकांकडे बघत बसली.

पिटूनेही टाळ्या वाजवल्या, पण मनात वेगळंच चाललं होतं. हिला जमतंय आणि मला जमत नाही. नात माझी आणि हात हिचे थरथरेनासे झाले. घरी परतताना बसमध्ये शिडीने तिला पेपरमिंटची गोळी दिली. पिटूने ती खिडकीबाहेर टाकली.

"असं काय करतेस गं?"

"मला तुझी गोळी नको. मला तुझं मन दे, घट्ट झालेलं. आहे जास्तीचं?"

शिडीने दुसरी गोळी सोलून स्वतःच्या तोंडात टाकली.

वास तर पिटूला सगळीकडेच यायचा. साबणाला यायचा, बसच्या सीटला यायचा, स्वतःच्या उशीला यायचा. म्हणून भेटीला दोघी जवळ आल्या की जो यायचा, त्याच्यावरही तिने विश्वास ठेवला नाही. वेडी झालेय मी, तिने स्वतःला सांगितलं. आता काय नाकही कापून टाकू?

रविवारी मुलगी आली. या खेपेला ठमी कडेवर होती. पिटूने दार उघडलं आणि न सांगताच 'हा' केला, दोनदा. मुलीने पुढे वाकून वास घेतला. तिचा चेहरा सैल झाला. पिटूला ते दिसलं. चार आण्यांनी नाही, चांगला रुपयाभर सैल झाला. तिने ठमीला पुढे केलं, पिटूने हात पसरले, आणि मुलगी थांबली. तिने पिटूचा स्वेटर नाकाशी धरला.

"आई."

"काय?"

"स्वेटरला येतोय."

"शक्यच नाही. मी आठवडे झाले खाल्ली नाहीये. तोंड बघ माझं. दात बघ. घोड्याचे बघतात तसे बघ."

"तोंड धुता येतं."

"अगं मी सांगतेय ना तुला."

"तू प्रत्येक वेळी सांगतेस, आई. शपथेवर सांगतेस. मला आता तुझ्या बोलण्यापेक्षा तुझा स्वेटर जास्त खरा वाटतो, याला मी काय करू?"

ती ठमीला घेऊन जिना उतरली. पिटू दारात उभी. आयुष्यात पहिल्यांदा ती खरं बोलत होती, आणि ते ठेवायला कुठे जागाच नव्हती. त्यापेक्षा खाल्ली असती तर बरं, असं तिच्या मनात आलं. निदान शिक्षेची किंमत तरी वसूल झाली असती.

तिने स्वेटर काढून स्वतः हुंगला. येत होता. आता हा काही मनाचा खेळ नव्हता, मुलीलाही आला होता. ती पलंगावर बसून विचार करायला लागली. स्वेटर घरी खुंटीला असतो. कामावर कपाटात असतो. कपाट एक आहे आणि कपडे दोघींचे. खालच्या खणात शिडीची चप्पल, वरच्या खणात आपला स्वेटर. आणि कोपरे. सरळ कोपरे. हाताला तंबाखू मिळाल्याशिवाय इतके सरळ कोपरे येत नाहीत, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं?

सोमवारी सकाळी पिटूने कपाटात हात घातला. स्वेटर ठेवायच्या जागेवर, मागे, शिडीच्या रुमालात गुंडाळलेली डबी होती. तिने ती हलवली नाही. ती टेबलापाशी गेली, चादरीचे कोपरे धरले, झटका दिला, घडी घातली आणि भेटायला पुढे गेलीच नाही.

शिडी दोन पावलं आली. थांबली. भुवई उचलली.

"तोंड उघड," पिटू ओरडली.

शिडीने कानाकडे बोट केलं, ऐकू येत नाही म्हणून.

"तुला सगळं ऐकू येतंय. तोंड उघड."

शिडीने चादर ओढली. पिटूनेही ओढली. मधे चादर ताठ झाली, तिच्यावर ताटं मांडता आली असती इतकी. मागे रोलरमधून पुढची चादर आली आणि जमिनीवर घसरली. तिच्यामागून आणखी एक. पलीकडच्या टेबलावरच्या बाया थांबून बघू लागल्या. कोणीतरी रोलरचं बटण बंद केलं, आणि लाँड्रीत अशी शांतता झाली की नळाचं टपटपणं ऐकू आलं.

"माझ्या स्वेटरखाली ठेवतेस," पिटू म्हणाली. आवाज आपोआप खाली आला होता. "माझी पोर माझ्या दारातून परत गेली काल. तुझ्या डबीच्या वासाने."

शिडीचा चेहरा उतरला. "स्वेटरखाली? मला सुचलंच नाही गं."

"कधीपासून?"

"मुकादम जोडी फोडायचं बोलला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"त्याचा काय संबंध?"

"दोघींचेही हात थरथरत होते. एकीचे तरी सरळ नकोत? मी म्हटलं, तुला सोडायची आहे, तर तू सोड. मी खाते आणि दोघींच्या घड्या सांभाळते. तुझी सुटली की मग मी बघेन माझं." हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली, जणू आज डबा मी आणते, उद्या तू आण.

पिटूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिडावं तर बाईने तिच्यासाठी विष खाल्लेलं. उपकार मानावेत तर त्याच विषाने तिची नात हिरावलेली.

"मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी खाते, तू सोड."

हे खरं होतं. पिटूने नक्की हेच म्हटलं असतं, आणि मोठ्या आनंदाने.

"अगं पण, मी रोज तुझ्या तोंडाशी येते. एका चादरीला दोनदा. तंबाखू माझ्यापासून एका चादरीच्या अंतरावर होती, आणि मी तीच चादर घडी करत करत तिच्याकडे चालत होते. आणि वर स्वतःला शिव्या घालत होते, की मलाच कशी तलफ येते."

"मी पेपरमिंट खात होते ना," शिडी म्हणाली.

बायांमधलं कोणीतरी फिस्सकन हसलं. पिटूलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी. तिने चादर सोडून दिली. ती तरंगत खाली आली आणि शिडीच्या पायांशी पडली.

शिडी कपाटाकडे गेली आणि डबी घेऊन आली. "घे. तूच फेक."

पिटू डबी घेऊन धुण्याच्या मशीनमागच्या जाळीपाशी गेली, जिथे सगळ्या थुंकायच्या. झाकण उघडलं. फेकायचंच होतं. पण अंगठा कधी चालू झाला ते तिला कळलं नाही. खाली पाहिलं तर तळव्यावर चुना लावून, मळून, भुकटी उडवून तयार. एकदम उत्तम मळलेली. दोन भाग करण्याएवढी.

ती किती वेळ तशी उभी होती कोणास ठाऊक. तिने ठमीला आठवायचा प्रयत्न केला, पण पोरीचा चेहराच येईना. नुसती तंबाखू येत होती. मॅडम म्हणते तशी लाट वगैरे काही नव्हतं. लाट परत जाते. हे पाणी तुंबलेलं होतं. शेवटी मागून मुकादमाचा आवाज आला, "मावशी, रोलर कोणी बंद केला?" आणि दचकून तिने हात झटकला. चिमूट जाळीत गेली. मन घट्ट केलं म्हणावं तर तसं काहीच नाही. दचकली, बस.

हातातली डबी तिने जाळीत उपडी केली आणि वळली.

"मला टॉवेलवर टाका," ती मुकादमाला म्हणाली.

"टॉवेलवर?" टॉवेलचं टेबल म्हणजे पार कोपऱ्यात, एकटीचं काम. टॉवेलला जोडी लागत नाही. तिथे नवीन आलेल्या बसतात, नाहीतर रिटायर व्हायला टेकलेल्या. "तुम्ही टॉवेलवर जाणार? आणि शिडी?"

"तिला दुसरी द्या."

हे शिडीने ऐकलं. नंतर कपाटापाशी, चपला घालताना, पाठमोरीच म्हणाली, "मी जोडी वाचवायला खाल्ली. आणि तू स्वतःच फोडलीस."

"हो."

"बरं."

टॉवेलच्या टेबलावर कोणाचं तोंड जवळ येत नाही. तीन घड्या, गठ्ठा. तीन घड्या, गठ्ठा. पिटूचे टॉवेलही वाकडे यायचे, पण टॉवेलचं कोणाला काय. लांबून तिला शिडी दिसायची, नव्या जोडीदारणीबरोबर. ती नवी बाई फार लवकर पुढे यायची, शिडी दर वेळी अर्धं पाऊल मागे सरकायची. ते बघून पिटूला बरं वाटायचं. मग बरं वाटल्याचा राग यायचा. मग तलफ यायची.

गुरुवारी शिडी गटात उशिरा आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. मॅडमने विचारायच्या आधीच म्हणाली, "मी खाते. मागेही खात होते. टाळ्या वाजवल्यात तेव्हाही खात होते."

ड्रायव्हरने विचारलं, "कुठली?"

"ते महत्त्वाचं नाहीये," मॅडम म्हणाली.

"नाही, मी आपलं विचारलं."

मॅडमने खुर्ची पुढे ओढली. म्हणाली, खरं सांगायला हिंमत लागते, चूक कोणाचीही होते, आणि आता तर दोघींनी पुन्हा जोडीदार व्हायला हवं, कारण एकमेकींना इतकं ओळखणारं दुसरं कोण आहे.

"नको," पिटू म्हणाली.

"मावशी, गटाचा आधार म्हणजे..."

"आधाराने वाट लावली माझी. तुम्ही सांगितलंत, ज्याला माहीत आहे त्यालाच समजतं. तिला समजलं. इतकं समजलं की माझ्या वाटणीची पण तिने खाल्ली. मला समजून घेणारी नको. माझी नात पाहिजे." बोलता बोलता ती त्या वजनकाट्याकडे बघत होती. "आणि मला तिच्याजवळ बसवू नका. मला वास येतो."

शिडीने मान हलवली, जणू हे बरोबरच आहे.

"फोन करा की," सलूनवाला म्हणाला. तो इतका कमी बोलायचा की सगळे वळले. "फोनला वास नसतो."

पिटूने आपला फोन पर्समध्ये आणखी खाली सरकवला.

त्यानंतर किती तरी रविवार गेले. मुलगी यायची, पिटू 'हा' करायची, मुलगी केस हुंगायची, बाही हुंगायची, हातांची बोटं एक-एक करून हुंगायची. मग म्हणायची, "पुढच्या रविवारी बघू." पिटू दार आपटायची. एकदा तर ती म्हणाली, "कुत्रा तरी पाळ, तुझे श्रम वाचतील." मुलगी म्हणाली, "कुत्र्याला तू खायला घालून फितवशील."

आणि मग एका रविवारी मुलीने तिची बोटं हुंगली, सोडली, आणि ठमीला तिच्या कडेवर दिलं. जिन्यात गेल्यावर म्हणाली, "तासाभरात येते."

"तास? एक तास?"

"आई, घासाघीस करू नकोस."

दार लागलं आणि ठमीने गळा काढला.

एवढ्या दिवसांत पोर आजीला विसरली होती. पाळणाघरातल्या बाईला ओळखायची, शेजाऱ्यांच्या मांजराला ओळखायची, हिला नाही. पिटूने तिला खिडकी दाखवली, चमचे वाजवले, गाणं म्हटलं. गाण्याने तर ती जास्तच रडली. उचललं की मागे झुकायची, खाली ठेवलं की दाराकडे पळायची आणि दारावर थापा मारायची. पिटू घामाघूम झाली. ज्या एका गोष्टीसाठी एवढे दिवस हिरड्या चावत काढले, ती गोष्ट तिच्या कडेवर होती आणि तिच्यापासून सुटायला धडपडत होती. तलफ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी. कोपऱ्यावरचं दुकान दोन मिनिटांवर होतं. पोर कडेवर घेऊनही जाता आलं असतं.

तिने फोन उचलला. नंबर शोधावा लागला नाही.

"हं," पलीकडून शिडीचा आवाज आला. मग ऐकून म्हणाली, "कोण रडतंय? ती की तू?"

"दोघी."

"ओळखत नाही का?"

"नाही ओळखत. परका माणूस समजते मला. आणि तिला घेऊन मी दुकानाच्या गोष्टी मनात करतेय. अशी आजी असते का कुठे?"

"खाल्लीस?"

"नाही. पाहिजे."

"मला पण."

पिटूने ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग पिटूला फोनमध्ये दुसराच एक आवाज आला, बारीक, सुका, घासल्यासारखा.

"तू काय करतेयस?"

शिडी म्हणाली, "मळतेय."

"खोटं तरी बोलायचंस."

"आता नाही बोलणार."

पिटूला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ठमीने तिच्या गळ्यातली साखळी धरून ओढली, तेव्हा तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मळ," ती म्हणाली. "पण तोंडात टाकू नकोस. ही गप्प होईपर्यंत मळत राहा."

"अगं, तंबाखूचा भुगा होईल."

"होऊ दे."